जिथे घड्याळ भरतीवर चालतं

बडोदे

बेटावर निघायच्या आदल्या दुपारी मस्कतहून ह्यांचं पत्र आलं. चार ओळी हवापाण्याच्या, चार ओळी जुईच्या अभ्यासाच्या आणि शेवटी एक प्रश्न. ‘कंपनी आणखी तीन वर्षांचा करार देते आहे. सही करू का? पुढच्या रविवारी फोन करीन, तेव्हा तुझं काय ते सांग.’

पाच वर्षांपूर्वी इथली रिफायनरी सोडून तिकडे जायचं ठरत होतं तेव्हा त्यांनी हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर विचारला होता. मी म्हटलं होतं, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ मधे एकदा करार वाढला, तेव्हा फोनवर विचारलं. माझं उत्तर तेच. गंमत अशी की घडियाळी पोळातल्या एका सोन्याचांदीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या संस्थेची कचेरी आहे आणि तिथे बसून मी खेडोपाडीच्या बायकांना ‘आपलं मत स्पष्ट मांडा’ हे शिकवते. त्याचे तक्ते रंगवते, गाणी रचते. घरातल्या मतदानात मात्र मी कायमची तटस्थ.

पत्र पर्समध्ये टाकलं आणि सामान बांधायला लागले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगतच्या एका लहानशा बेटावर कोळी बायकांचं शिबिर होतं. स्त्रियांचं काम, गावाचा विकास आणि संघटना असा सहा दिवसांचा अभ्यासक्रम. बेटाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या बायकांनीच तसं सांगितलंय. बडोद्यातल्या आमच्या अकोट्याच्या घरात सासूबाईंना एकच चिंता होती.

“मासेच खातात ना गं ती माणसं? तू खाणार काय?”

त्यांनी मेथीचे ठेपले आणि दोन किलो लीलो चिवडा, म्हणजे बडोद्याचा तो ओलसर बटाट्याचा चिवडा, बांधून दिला. दोन किलो! जुई म्हणाली, “आई, तू बेटावर दुकान टाकणार आहेस का?” मी हसले, पण तिचा गालगुच्चा घेताना पर्समधलं पत्र मला टोचत होतं.

किनारा

एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी केली, याहून सांगण्यासारखं त्या प्रवासात काही नाही. सोबत संस्थेतली दक्षाबेन होती. ती भावनगरकडची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, बोलायला मोकळी आणि झोपेत घोरणारी. सकाळी बंदरावर उतरलो तर समोर पाणीच नाही! नजर जाईल तिथवर करडा चिखल आणि त्यात कलंडून पडलेल्या होड्या. समुद्राने येतो म्हणून सांगून दांडी मारावी, तसं वाटलं.

“होडी किती वाजता?” मी तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं.

“पाणी आवे त्यारे,” तो म्हणाला. पाणी येईल तेव्हा.

“पण किती वाजता?”

त्याने माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे दयाबुद्धीने पाहिलं आणि बिडी पेटवली. आम्ही चार तास थांबलो. माझ्या छापील वेळापत्रकातला पहिल्या सत्राचा वेळ तिथेच गेला.

पाणी आलं तेव्हा असं गुपचूप आलं की मला कळलंच नाही. कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ उभ्या राहिल्या. अर्ध्या तासात आम्ही बेटाला लागलो. उतरताना दक्षाबेनने साडी खोचून झोकात उडी मारली. मी तिचं पाहून मारली आणि गुडघाभर चिखलात बसले. किनाऱ्यावर पन्नासेक बायका उभ्या होत्या, सगळ्या हसल्या. त्यातली एक उंच, काळीसावळी बाई पाण्यात आली, माझ्या काखेत हात घालून तिने मला उपटून काढलं आणि म्हणाली, “बेन, आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला बेट आधी खाली बसवतं.” तिचं नाव राणी.

पहिले दोन दिवस

बेट एवढंसं. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावी. झाडं थोडी, बकऱ्या पुष्कळ आणि गोड पाणी अजिबात नाही. पिण्याचं पाणी भरतीच्या वेळी किनाऱ्यावरून होडीने येतं. आणि वास! बेटाच्या मोकळ्या जागेत बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर हजारो बोंबील वाळत घातलेले. मी घडियाळी पोळातल्या देशस्थ ब्राह्मणाची लेक. पहिला दिवस मी पदराने नाक झाकूनच बोलले. दुसऱ्या दिवशी पदर सुटला आणि तिसऱ्या दिवशी वास कुठे गेला कळलंच नाही.

माझ्यासाठी राणीने किनाऱ्यावरून बटाटे मागवले होते. बाजरीचा रोटला, लसणाची लालभडक चटणी आणि बटाट्याचं शाक, सकाळ-संध्याकाळ तेच. घरी त्याच भाजीवर तिसऱ्या दिवशी मी नाक मुरडलं असतं. इथे प्रत्येक बटाटा पाणी ओलांडून आलाय हे माहीत असल्याने ताट चाटूनपुसून खात होते. चिवड्याचं मात्र सोनं झालं. दोन किलो चिवडा एका दुपारी संपला. एक म्हातारी म्हणाली, “वडोदराचा राजा हेच खात असेल ने?” मी म्हटलं, हो, रोज.

पहिल्या सत्रात ओळखी होत्या. मी ऐटीत सांगितलं की प्रत्येकीने उभं राहून आधी स्वतःचं आणि मग नवऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. नवऱ्याचं नाव घेतल्याने काही होत नाही, ही सगळी आपल्या मनातली भीती, वगैरे भाषण झालं. कोणी उठेना. मग कळलं की इथे एखादीच्या नवऱ्याचं नाव हवं असेल तर तिची शेजारीण सांगते. एकीने उठायचं, शेजारणीने नाव पुरवायचं आणि सगळ्यांनी हसायचं.

“पण तुम्ही स्वतः घ्या ना!” मी हट्टाला पेटले.

राणी मागच्या रांगेतून म्हणाली, “तमे बोलो ने, बेन. तमारा एनुं नाम शुं?” तुम्हीच सांगा ना, तुमच्या ‘ह्यां’चं नाव काय?

मी तोंड उघडलं. मिटलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि ‘अहो’ आणि ‘हे’ यांवर माझं सगळं भागत होतं. शेवटी दक्षाबेन शेजारून म्हणाली, “अरविंदभाई,” आणि सगळा मांडव हसून लोळला. शेजारणीने नाव पुरवलं होतं. तेव्हापासून निदान लिहिताना तरी मी त्यांना अरविंद म्हणते आहे.

तिसरा दिवस

आता मुख्य गोष्ट. आमच्या शिबिरात ‘दिवसाचं घड्याळ’ नावाचा एक खेळ असतो. मोठ्या कागदावर दोन वर्तुळं. एकात बाईने आपला दिवस भरायचा, किती वाजता उठली, काय काय केलं, कधी झोपली. दुसऱ्यात नवऱ्याचा. मग दोन्ही शेजारी ठेवायची. बाईचं वर्तुळ गच्च भरतं, पुरुषाच्यात मोकळी जागा दिसते आणि बायका आपसूक बोलायला लागतात. पंचमहालच्या गावांत हा खेळ मी कितीदा तरी घेतला होता. कधी फसला नव्हता.

इथे पहिल्या पाच मिनिटांत फसला.

“बोंबील केव्हा टांगता?” मी विचारलं.

“पाणी चढलं, होड्या आल्या, की.”

“म्हणजे किती वाजता?”

“आज बपोरे. काल त्याच्या आधी. उद्या त्याच्या नंतर.”

बायका माझ्याकडे अशा पाहत होत्या, की या शिकलेल्या बाईला एवढंही कसं ठाऊक नाही. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. होड्या, मासे, पिण्याचं पाणी, सगळं तिच्याबरोबर सरकतं. आज जे काम दुपारी ते आठवड्याने रात्री. माझ्या छापील वर्तुळावर आकडे पक्के होते आणि या बायकांच्या दिवसाला एकही आकडा पक्का नव्हता. एवढ्यात बाहेर “पाणी आव्युं!” अशी आरोळी झाली आणि माझ्या समोरच्या चाळीस बायका हंडे घेऊन पळाल्या. मांडवात मी, दक्षाबेन आणि दोन बकऱ्या.

तासाभराने बायका परत आल्या. राणीने माझा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर शिंपल्यांचं वर्तुळ मांडलं आणि आतबाहेर दोन लांब शिंपले ठेवले. एक चढतं पाणी, एक उतरतं. त्याभोवती ती एकेक काम मांडत गेली. आकड्यांचं घड्याळ तिने मोडीत काढलं आणि खेळ पुन्हा रंगला. मला तिचा हेवा वाटला.

पुरुषांच्या वर्तुळाची वेळ आली. मांडवात दहा-बारा बायका अशा होत्या की ज्यांचे नवरे घरी नव्हते. समुद्रात हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या देशाच्या पहारेकऱ्यांनी होडीसकट पकडून नेलेले. पाण्यावर रेघ कुठे असते? कोणाला दोन वर्षं झाली होती, कोणाला तीन. राणीचा नवरा त्यातलाच. मला हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून मी आवाज मऊ करून म्हटलं, “ज्यांचे घरी नाहीत, त्यांनी दुसरं वर्तुळ रिकामं ठेवलं तरी चालेल.”

राणी ताडकन उठली.

“का ठेवू रिकामं? माणूस मेला आहे?”

मला माझी चूक कळली. राणीने माझ्यापुढचा दुसरा छापील कागद ओढून घेतला, आकड्यांची बाजू वर केली आणि पेन्सिल मागितली. तिला लिहिता येत नव्हतं. ती खुणा करत गेली आणि मोठ्याने सांगत गेली, नवऱ्याचं नाव न घेता, नुसतं ‘ई’, म्हणजे ‘तो’.

“पाचला उठवतात. सुटून आलेल्या एकाने सांगितलंय. सहाला चा. साडेआठला अंगणात बसवतात, मणी ओवायला देतात. ई मणी ओवताना डावा डोळा मिचकावत असेल, जाळं विणतानाही मिचकावतो. दुपारी दाळ. ई दाळ खात नाही, घरी ताटात ठेवून देतो. तिकडे खात असेल. चारला पुन्हा चा. सहाला दार बंद. मग ई भिंतीकडे तोंड करून पडतो. झोप नाही लागत त्याला, इथे होडीत डुलत झोपायची सवय ना.”

वर्तुळ भरलं. एक जागा मोकळी राहिली नाही. राणीने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “बेन, तुमचा कागद आमच्या कामाचा नाही. त्याच्या कामाचा आहे. तिथे भरती नाही ने. रोजचा दिवस एकसारखा.”

दक्षाबेन डोळे पुसत होती. मी पुसले नाहीत, कारण मला तेवढं भानच नव्हतं. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. अरविंद मस्कतला किती वाजता उठतात? चहा स्वतः करतात की कँटीनमध्ये घेतात? संध्याकाळी काय करतात? दर रविवारी आमचं बोलणं होतं. जुईचे मार्क, सासूबाईंची गुडघेदुखी, गॅसचा नंबर, पंखा दुरुस्त झाला का. पाच वर्षांत मी त्यांना हे विचारलंच नव्हतं. नवऱ्याकडून एका अक्षराची खबर नसताना राणीने नवऱ्याचा सगळा दिवस जपून ठेवला होता, आणि फोन असलेल्या मला एक खूण करता आली नसती.

दोरी

चौथ्या दिवशी दुपारी मी राणीबरोबर बोंबील टांगायला गेले. शिकवणारीने थोडं शिकावंही. ओला बोंबील हातातून सटकतो, नुसता दोरीवर टाकला तर घसरतो. म्हणून दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे लोंबतो, एक तिकडे, आणि वारा कितीही असला तरी पडत नाहीत. राणी बोलता बोलता जोड्या टाकत होती. मी पहिल्याच जोडीत दात बोटात रुतवून घेतले आणि ‘आई गं’ म्हणून ओरडले. नव्वद पिढ्यांचं शाकाहारी रक्त त्या बोंबलाने चाखलं.

टोपलीत शेवटी एक बोंबील उरला. मी तो तसाच दोरीवर टाकला. तो पडला. पुन्हा टाकला. पुन्हा पडला.

“एकटा टिकत नाही,” राणी म्हणाली आणि तो उचलून खालच्या चटईवर ठेवला. तिथे असे उरलेले पाच-सहा होते.

मग कसं कोण जाणे, मी तिला पत्राबद्दल सांगितलं. करार, सही, रविवार, माझं ठरलेलं उत्तर. मी आजवर हे दक्षाबेनजवळही बोलले नव्हते. मी म्हटलं, मला ते हवेत. रोज हवेत. संध्याकाळी सहाला अकोट्याच्या पुलावरून स्कूटरींचा लोंढा येतो, तेव्हा पाच वर्षं झाली तरी माझे कान एका स्कूटरच्या आवाजाकडे लागतात. ती स्कूटर तर आम्ही केव्हाच विकली.

“त्यांना सांगितलं हे?”

“नाही.”

“केम?”

“त्यांचा निर्णय आहे. मी कशी अडवू?”

राणीने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे वळली. “तमारा एने तो कोई ताळुं मारीने नथी बेठुं ने?” तुमच्याला तर कोणी कुलूप घालून बसलेलं नाही ना? “मग बोलवा. तुम्ही बोलवायचं, यायचं की नाही ते त्यांनी बघायचं. अने आला तर मला कळवा. एकीचा तरी आला, एवढं कळू दे.”

सहावा दिवस

शिबिराचा शेवट आमच्या पद्धतीने गाण्याने व्हायचा होता. बायकांनी ठरवलं की गाणं राहू दे, तालुक्याच्या कचेरीत जाऊ. पकडलेल्यांच्या नावांची यादी सरकारकडे आहे की नाही, कोणाचं नाव आहे, कोणाचं सुटलंय, हे त्यांना आजवर कोणी धड सांगितलं नव्हतं. आजवर गावातले दोन-चार पुरुष अर्ज घेऊन जात आणि हात हलवत परत येत. पहाटेच्या भरतीला दोन होड्या भरून बायका निघाल्या. राणीने वर्तुळाचा कागद गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता.

कचेरीतल्या साहेबांनी इतक्या बायका दारात पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “सोबत कोणी पुरुष नाही?”

राणी म्हणाली, “भायडा घेर होत तो अमे शुं काम आवत, साहेब?” पुरुष घरी असते तर आम्ही आलोच कशाला असतो?

साहेबांनी खुर्च्या मागवल्या. त्या पुरल्या नाहीत, म्हणून बायका जमिनीवर बसल्या. राणीने कागद टेबलावर पसरला आणि पाचपासून सहापर्यंतचा दिवस पुन्हा सांगितला. नावं घ्यायची वेळ आली तेव्हा प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव शेजारणीने सांगितलं, कारकुनाने लिहून घेतलं. राणीच्या वेळी तिची शेजारीण खोकत होती. क्षणभर थांबून राणीनेच नाव घेतलं, स्पष्ट, मोठ्याने. ‘लखमण.’ मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. महिन्याभरात यादी मिळेल असं साहेबांनी लेखी दिलं. एवढंच. पण ते लेखी होतं आणि बायकांच्या हातात होतं.

बंदरावर आमची ताटातूट झाली. “आवजो,” राणी म्हणाली. पुन्हा या. होडी पाण्यावर लहान होत गेली, आणि आमची एसटी सुटायला आली तरी मी तिथेच उभी होते. दक्षाबेनने मला हाताला धरून आणलं.

रविवार

अकोट्याच्या घरात फोन दिवाणखान्यात, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी. त्या दिवशी मी तो लांब वायरीसकट आतल्या खोलीत नेला आणि पुढ्यात एक छापील वर्तुळ ठेवलं.

“बोल,” अरविंद म्हणाले. “काय ठरवलंस? सही करू का?”

“तुम्ही सकाळी किती वाजता उठता?”

“काय?”

“सांगा ना. मी लिहून घेतेय.”

ते हसले. त्यांना वाटलं शिबिराचं काही असेल. साडेचारला उठतात. चहा खोलीतच, हिटरवर, स्वतः. पाचला बस. मी खुणा करत गेले. दुपारी डबा, तीनला परत. कपडे धुणं. त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला.

“आणि मग, दुपारी साडेचारला?”

“साडेचारला काही नाही.”

“काही नाही कसं?”

ते म्हणाले, “साडेचारला तिकडे सहा वाजतात. मी गच्चीवर जाऊन उभा राहतो. तू दार उघडतेस ना त्या वेळी, अंगणात पाणी मारायला.”

साडेचारच्या जागी मी खूण केली. मी म्हटलं, “सही करू नका. घरी या.”

“नक्की?”

“अरविंद, घरी या.”

पलीकडे त्यांनी नाक शिंकरल्याचं ऐकू आलं आणि त्यांनी विचारलं, “स्कूटर परत घ्यावी लागेल, नाही का?”

ते उन्हाळ्याच्या शेवटी आले. आल्यावर आठ दिवसांनी मी राणीला पोस्टकार्ड लिहायला बसले आणि लिहिता येईना. तिला वाचता येत नाही हे कारण नव्हतं, कोणीही वाचून दाखवलं असतं. आपलं ताट वाढलेलं असताना उपाशी माणसाला काय सांगायचं? पण तिने कळवायला सांगितलं होतं. शेवटी मी कार्डावर एक दोरी काढली आणि तिच्यावर जबड्यात जबडा अडकवलेली बोंबलांची जोडी. खाली पत्ता.

उत्तर यायला पावसाळा गेला. कार्डावर गुजरातीत दोनच ओळी होत्या, शेजारणीने लिहिलेल्या. यादी मिळाली. लखमणचं नाव यादीत आहे, सुटकेचं अजून काही नाही. त्याखाली जाड पेन्सिलीने राणीने स्वतः चित्र काढलं होतं. एक दोरी आणि एक बोंबील. एकटाच होता, पण चटईवर नव्हता, दोरीवर होता.